भाकरीला पाच तारे, भिंतीला शून्य

एकूण पाचपैकी तीन. नुसत्या भाकरीला विचाराल तर पाच, रश्श्याला चार, सर्व्हिसला तीन आणि भिंतीला शून्य. सरासरी काढत बसू नका, मीही काढलेली नाही.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. मालकांना एक शब्द दिलाय, तो काय ते पुढे येईल. शहराबाहेर, महामार्गाला लागून, एवढं पुरे. पार्किंग ऐसपैस. रखवालदार म्हातारा आहे, पण गाडी मागे घेताना शिट्टी नीट मारतो. अंगणात फायबरचा जिराफ उभा आहे आणि त्याच्या पायात पोरं लोंबकळत असतात. फॅमिली सेक्शनला पंखे कमी. हात धुवायच्या बेसिनपाशी साबण होता, ही सोलापुरात नोंदवण्यासारखी गोष्ट आहे.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं एक्स्पोर्टची कागदपत्रं करतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, मूळ देशाचा दाखला. खोक्यात आहे ते कागदावर आणि कागदावर आहे तेच खोक्यात, एवढंच माझं शास्त्र. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास आमचा हॅम्बुर्गचा जुना गिऱ्हाईक येतो. यंदा कारखान्याचे मालक म्हणाले, ‘याला जरा वेगळीकडं जेवायला ने, दरवर्षी त्याच त्या ए.सी. हॉटेलात पनीर खाऊन कंटाळलाय.’ हा गडी हौशी शिकारी. नामिबियाला पाच-सहा वेळा जाऊन आलेला. आमच्या पोरांनी ‘जंगल थीम’चं हॉटेल शोधून काढलं. त्यांना वाटलं, साहेब खूश होईल.

आत शिरलं की उजव्या हाताची अख्खी भिंत मुंडक्यांची. सिंह. शिंगं कपाळावर टोपीसारखी बसलेला आफ्रिकी रानरेडा. मळसूत्रासारख्या उंच शिंगांचं एक हरिण. झेब्रा. दात विचकलेला बिबट्या. प्रत्येकाखाली पितळी पाटी: नामिबिया, टांझानिया, झिंबाब्वे. आणि पार कोपऱ्यात, काउंटरच्या मागे, गणपतीच्या तसबिरीच्या वर, काळवीट. त्याच्याखाली पाटी नाही.

‘काय बघूलालाव काका?’ वेटर पाण्याचा जग ठेवत म्हणाला. ‘ओरिजिनल आहे ओ सगळं. आफ्रिकेचं. मालकांनी विमानानं आणलंय.’

‘परमिट आहे का?’

‘दारूचं? नाही ओ, फॅमिली हॉटेल आहे.’

तोवर साहेब उठून भिंतीपाशी पोचलेला. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि सिंहाच्या नाकावर नखानं टकटक केलं. डब्यासारखा आवाज. फायबर. रानरेडा फायबर. बिबट्या कसल्याशा राळेचा, जीभ रंगवलेली, तीही वांग्याच्या रंगाची. झेब्रा मात्र मी ओळखला, त्याच्या आधी. ते कापड आहे! पट्टे छापलेले, लव कातरलेली, मानेखाली शिवण, आणि शिवणीपाशी रिपीट चुकलेला. आमच्या प्रिंटिंग खात्यात असा पीस सेकंडमध्ये गेला असता.

मळसूत्री शिंगांचं ते खरं निघालं. कुडू म्हणतात त्याला. शिंगाच्या बुडाशी किडीनं पाडलेली बारीक भोकं त्यानं मला दाखवली. फायबरला कीड कशाला लागेल? मी लगेच विचारलं, मग याला साइटीसचा, म्हणजे वन्यप्राण्यांच्या व्यापाराच्या कराराचा, परवाना लागला असेल. तो म्हणाला, नाही. कुडू त्या यादीत नाहीच, रानरेडाही नाही. तिथं लागतात ते जनावरांच्या डॉक्टरांचे दाखले, रोग येऊ नये म्हणून. परवान्याची भानगड यादीतल्यांची.

इथं जेवण आलं, तेव्हा आधी जेवणाचं सांगतो.

मटण थाळी ३८० रुपये. सुकं, रस्सा, अळणी, भात, कांदा-लिंबू, शेंगाचटणी, आणि ज्वारीची भाकरी किंवा चपाती. चपाती मागू नका. भाकरी चुलीवरची, बाई मागच्या अंगणात समोर बसून थापतात, ती टम्म फुगून ताटात येते आणि पापुद्रा उचलला की वाफ चष्म्यावर. कडक भाकरी वेगळी मिळते, तीसचं पाकीट, करकरीत. रस्सा काळ्या मसाल्याचा, तेलाचा तवंग आहे पण घशाशी येत नाही. पाचवा तारा अडला तो मिठासाठी. पहिल्या वेळी मीठ एक चिमूट जास्त. सुक्यातले तुकडे हाडाला सोडून आलेले. अळणी अप्रतिम, साहेबानं तीन वाट्या प्यायल्या. शेंगाचटणी मात्र मिक्सरची. उखळातली असती तर तेल सुटून गोळा झाला असता, ही भुकटी होती. सोलापुरात शेंगाचटणीची भुकटी वाढणं म्हणजे… जाऊ दे. त्यावर दही घालून घ्या, चालून जातं.

साहेबाचं नाक गळत होतं, डोळे लाल, पण भाकरी मोडून रश्श्यात बुडवायची सोडेना. आणि जेवता जेवता तो बोलत होता. मी विचारत होतो. परदेशातून मुंडकं आणायचं म्हणजे कागद कुठले लागतात, हा माझ्या धंद्यातला प्रश्न आहे. साहेबाला वाटलं, मला शिकारीत रस आहे.

त्याचं म्हणणं माझ्या भाषेत सांगतो. वन्यप्राण्यांच्या देशादेशांतल्या व्यापारावर साइटीस नावाचा करार आहे. १९७३ साली वॉशिंग्टनला ठरला, १९७५ पासून लागू, भारत १९७६ पासून त्यात आहे. त्याच्या तीन याद्या. पहिलीतला प्राणी म्हणजे अगदी धोक्यातला. त्याचं मुंडकं हलवायचं तर दोन परवाने: जिथून निघतं त्या देशाचा निर्यातीचा आणि जिथं पोचतं त्या देशाचा आयातीचा. आयातवाल्या देशानं आधी बघायचं की या शिकारीनं त्या जातीचं नुकसान होत नाही ना, आणि वस्तू धंद्यासाठी येत नाही ना. दुसऱ्या यादीतल्याला करारानुसार निर्यातीचा परवाना पुरतो. पण युरोपनं २०१५ पासून सहा प्राण्यांसाठी स्वतःचा आयात परवानाही सक्तीचा केला: सिंह, आफ्रिकी हत्ती, पांढरा गेंडा, पाणघोडा, ध्रुवीय अस्वल आणि अर्गाली नावाची डोंगरी मेंढी.

बिबट्या पहिल्या यादीत, तरी त्याचा कोटा आहे हे ऐकून मी घास खाली ठेवला. नामिबियाला आधी वर्षाला शंभर, २००४ साली अडीचशे. एका माणसाला वर्षाला दोनच कातडी नेता येतात. आणि प्रत्येक कातड्याला एकदा लावला की न उघडणारा टॅग: देश, वर्ष, आणि कोट्यातला कितवा. आमच्या गाठींना लॉट नंबर असतो तसाच. कबूल करतो, पद्धत मला आवडली. जनावर मेलं याचं वाईट वाटणं वेगळं आणि टॅग बघून बरं वाटणं वेगळं. मला एकाच वेळी दोन्ही झालं.

काळ्या गेंड्याचंही तसंच. २००४ साली नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेला वर्षाला पाच-पाच नर मारू देण्याची मुभा मिळाली. म्हातारे, वीण संपलेले आणि तरण्या नरांना भोसकणारे निवडतात, असं सांगतात. २०१४ साली त्यातल्या एका परवान्याचा लिलाव अमेरिकेत डॅलसला साडेतीन लाख डॉलरला गेला. मी मनातल्या मनात टॉवेलच्या कंटेनरमध्ये हिशेब केला आणि गप्प बसलो.

‘हा पैसा गावाला जातो,’ साहेब म्हणाला. ‘जनावरापासून गावाला पैसा मिळाला तर गाव जनावर राखतं.’ पाकिस्तानातल्या मारखोर बोकडाचं उदाहरण त्यानं दिलं. १९९७ साली वर्षाला सहाची परवानगी, पुढे २००२ मध्ये बारा, फीमधले ऐंशी टक्के गावाला. जनावरं वाढली, २०१५ साली धोक्याच्या यादीत मारखोर वरच्या पायरीवरून खाली आला. हे उदाहरण मला खोडता आलं नाही, अजूनही येत नाही.

पण सत्तावीस वर्षं कागद करणारा माणूस दुसरी गोष्टही विचारतो: कागद खरा कशावरून? मी त्याला सेसिलची आठवण दिली. २०१५, झिंबाब्वे, ह्वांगे उद्यानाच्या हद्दीबाहेर मारलेला तो सिंह, गळ्यात संशोधकांचा पट्टा असलेला. अमेरिकेतल्या दंतवैद्यावर जगभर आगपाखड झाली, आणि शेवटी झिंबाब्वे सरकार काय म्हणालं? याचे कागद बरोबर आहेत, खटला नाही. सगळे कागद बरोबर! एवढा गहजब झाला की त्याच वर्षी फ्रान्सनं सिंहाची मुंडकी घेणं बंद केलं, डेल्टा विमान कंपनीनं सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा यांची मुंडकी न्यायला नकार दिला. पुढच्या वर्षी नेदरलँड्सनं दारं लावली, २०२४ मध्ये बेल्जियमनं. ब्रिटनमध्ये २०२३ साली खालच्या सभागृहानं बंदीचं विधेयक मंजूर केलं आणि ते वरच्या सभागृहात रुतलं. कोटा म्हणजे आकडा. आकडा मोजणीवर उभा. मोजणारा कोण, त्याला पगार कोण देतो, हे टॅगवर लिहिलेलं नसतं.

साहेब चिडला नाही. जर्मन असून हसला. मग मीच विचारलं, ‘हॅम्बुर्गला हत्ती आले का?’ त्याला कळलं. जर्मनी आयातीचे नियम आवळायला निघाली तेव्हा, २०२४ च्या एप्रिलमध्ये, बोट्सवानाचे राष्ट्राध्यक्ष म्हणाले होते की वीस हजार हत्ती तुम्हाला भेट पाठवतो, राहा त्यांच्याबरोबर. बोट्सवानात हत्ती एक लाख तीस हजारांच्या घरात. पिकात हत्ती घुसणाऱ्या माणसानं बर्लिनच्या माणसाला हे सुनावलं तर मी त्याला फारसा दोष देणार नाही. मार्डीला माझा मावसभाऊ राहतो, म्हणून म्हणतो. त्याचं पुढे.

बडीशेप चघळत आम्ही काउंटरला गेलो. तिथं साहेब काळविटासमोर थबकला. वाकून, बराच वेळ. कानामागची लव झडलेली, ओठाची शिवण उकललेली, काचेच्या डोळ्यावर धूळ आणि उदबत्तीची राख.

‘हे खरं आहे,’ तो म्हणाला. ‘यातलं एक मी मारलंय.’

माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, कुठं?

‘आर्जेंटिनात.’

आपलं काळवीट! शंभरेक वर्षांपूर्वी तिकडच्या लोकांनी शिकारीसाठी नेलं, माळरान मानवलं, वाढलं. टेक्ससमध्येही तेच, १९३० च्या दशकापासून. तिथं खासगी कुरणांत पैसे मोजून मारता येतं, परदेशी जनावर म्हणून राज्याचा हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. आणि इथं ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. राजस्थानातल्या १९९८ च्या त्या खटल्यानंतर काळवीट मारलं तर काय होतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. एकच जनावर, इकडे तुरुंग, तिकडे दरपत्रक.

मालक आले. चाळिशीचे, बोलायला गोड, कपाळावर विभूती. म्हणाले, ‘आजोबांनी मारलेलं. त्या काळी चालत होतं ओ.’ चालत होतं हे खरं. १९७२ च्या कायद्यानं ते थांबलं. पण त्याच कायद्यात लिहिलंय की घरात अशी वस्तू असेल तर जाहीर करा, मालकीचा दाखला घ्या. ज्यांनी घेतला नव्हता त्यांना २००३ मध्ये एकशे ऐंशी दिवसांची शेवटची संधी दिली. वारसानं आलं तर नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवायचं. दाखला असला तरी विकता येत नाही. मी विचारलं, ‘दाखला आहे का?’

‘असंल की. वडिलांच्या ट्रंकेत.’

इथपर्यंत मी तीन-साडेतीन ताऱ्यांवर होतो. ट्रंकेत दाखला असू शकतो, माझ्याही घरात बापाचे कागद ट्रंकेतच आहेत. पण साहेबाचा चेहरा बघून मालकांना काय वाटलं कुणास ठाऊक. मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात टाकून, हळूच: ‘पाहुण्याला आवडलेलं दिसतंय. घेऊन जावा की. तुमचा माल जातोयच न्हावा-शेवाला. टॉवेलच्या खोक्यात मध्ये घालायचं, वरनं-खालनं टॉवेल. कोण बघूलालंय?’

कोण बघूलालंय! मी बघूलालोय ना. त्या खोक्याच्या पॅकिंग लिस्टवर माझी सही असते. ‘१०० टक्के सुती टेरी टॉवेल, इतके डझन, इतके किलो.’ त्यात पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचं डोकं सापडलं तर कस्टम्स, वनखातं, कंपनीचा परवाना, माझं पेन्शनचं वय. दंड आणि तीन ते सात वर्षांची कैद. माणूस भोळेपणानं बोलत होता, यात मला शंका नाही. लबाड माणूस भिंतीवर टांगून ठेवत नाही. पण हा चोरटा व्यापार असल्याच भोळ्या माणसांच्या खोक्यातून चालत असणार. आफ्रिकेच्या पाट्या लावलेलं कुडू सोडून सगळं नकली, आणि एकच खरं गुन्ह्याचं जनावर, ते बिनापाटीचं, आपल्या नान्नजच्या माळावरचं.

साहेबानं काय समजायचं ते समजलं. मला म्हणाला, ‘कागद नसलेलं मी फुकटही घेत नाही.’ त्या वाक्यापायी त्याच्याशी माझे निम्मे मतभेद मिटले. निम्मे आहेत.

मी मालकांना म्हटलं, परीक्षण लिहिणार आहे. ट्रंक उघडा. दाखला सापडला तर वनखात्याला स्वखुशीनं परत देण्याची सोय २०२२ च्या दुरुस्तीत केली आहे, मोबदला मिळत नाही पण डोक्याचा ताप जातो. सापडला नाही तर वकील बघा आणि वनखात्यात स्वतःहून जा, कुणी यायची वाट बघू नका. तोवर मी नाव छापत नाही. हाच तो शब्द. ते म्हणाले, ‘बघतो ओ.’ बिल १,२४० झालं, जीएसटी वेगळा लावलेला, बिल छापील. बिलाला मात्र कागद आहे!

दुसऱ्या दिवशी पहाटे साहेबाला नान्नजला नेलं. बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर. १९७९ चं माळढोक अभयारण्य. माळढोक आता दिसला तर पेपरात येईल, त्याच्या आशेनं जाऊ नका. काळविटं मात्र आहेत. धुकं विरळ झालं तसा कळप दिसला, पंधरा-वीस माद्या आणि एक काळाकुळकुळीत नर, मान मागे टाकून, शिंगं पाठीला टेकवून चाललेला. आमच्याकडे बघितलं आणि एकामागून एक उड्या. साहेबानं कॅमेरा काढलाच नाही. मी विचारलं तर म्हणाला, आर्जेंटिनात ती अशी पळाली नव्हती, तिथं कुंपण होतं.

मग मार्डीला मावसभावाकडे हुरडा. तो आधी काळविटांनाच शिव्या घालत होता. ज्वारी कोवळी असताना रात्रीत पट्टा मोकळा करतात. नुकसानभरपाई आहे, पण अर्ज, पंचनामा, वनखात्याचा माणूस, कृषीचा, महसुलाचा, तिघं एका दिवशी बांधावर यायला पाहिजेत. साहेबानं माझ्यामार्फत विचारलं, सरकारनं वर्षाला दोन म्हातारे नर मारायला परवानगी दिली आणि पैसा गावाला दिला तर? भाऊ कणसं भाजत होता, हात न थांबवता म्हणाला, ‘पैसा गावाला दिला असं कागदावर येईल. आमच्यापर्यंत यायचा का ते विचार.’ हे मी भाषांतर करून सांगितलं. साहेबानं हुरड्यात गूळ घालून खाल्ला आणि दुसरं काही विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी मी परत त्या हॉटेलात गेलो, एकटाच, दुपारी. काउंटरमागे काळवीट नव्हतं. भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा डाग, वर खिळा, खाली गणपती तसाच. मालक गावाला गेलेले. वेटरला विचारलं तर म्हणाला, ‘काढलंय ओ काका. कुठं दिलंय माहीत नाही.’ वनखात्याची पोच पावती बघितल्याशिवाय भिंतीचा शून्य बदलणार नाही, आणि घरी पलंगाखाली नेऊन ठेवलं असेल तर आणखी खाली जायला आकडा शिल्लक नाही.

त्या दिवशी मीठ बेताचं होतं. शेंगाचटणी अजून मिक्सरचीच. झेब्र्याची शिवण उसवत चालली आहे, कुणीतरी टाके घाला. जायचंच असेल तर एकच्या आत जा, भाकरीवाल्या बाई दोनला उठतात आणि मग ताटात चपाती येते. कडक भाकरीची दोन पाकिटं बांधून घ्या, आठ दिवस मऊ पडत नाहीत. मी एक पाकीट हॅम्बुर्गला पाठवलं, सॅम्पलच्या खोक्यात, टॉवेलच्या वर. पॅकिंग लिस्टवर नोंद केली आहे: ज्वारीची कडक भाकरी, एक पाकीट, विक्रीसाठी नाही.